उघडली शून्य

रोवेनाने मथळा तिसऱ्यांदा दुरुस्त केला. काचेपलीकडून संपादक डेल्फिन सरांनी तो तिसऱ्यांदा पुन्हा आपल्यासारखा केला: "इलोइलो शहराच्या नळांना हे काय आलं? वाचून हादराल!"

प्रतिक्रिया ९००. बातमी उघडली ११२.

— विकाऊ बाई.
— नगराध्यक्षांवर जळते ही.
— तुझ्या घरी पाणी येत नाही का गं?

बहुतेकांच्या मोबाइलवर फुकटचा डेटा. त्यात मथळा, फोटो दिसतो, शिवी देता येते. बातमी उघडायला रिचार्ज लागतो. ज्या वस्तीचं पाणी बिघडलंय तिचं नाव आत, तिसऱ्या परिच्छेदात.

शेवटची शिवी तिया पुरिंगची होती. सख्खी मावशी, त्याच वस्तीतली. निवडणुकीत भांडण झाल्यापासून ती रोवेनाचा फोन घेत नव्हती. आताही तिने तो दोनदा कापला.

रोवेना सरांकडे गेली. वस्तीचं नाव तरी मथळ्यात घ्या, म्हणाली. सगळं बाहेरच सांगितलं तर आत कोण येईल, असं सरांनी विचारलं. जाहिरातवाले आत आलेली डोकी मोजतात.

"तिथे पोरं ते पाणी पितायत, सर."

"लोक वाचत नाहीत, मॅडम. चिडतात. आपण चिडीवर जगतो."

सर जेवायला उठले. तिने पाण्याच्या टाकीच्या फोटोवरच जाड अक्षरांत लिहिलं: सान रोके वस्ती. नळाचं पाणी पिऊ नका. रसायन मिसळलंय, उकळूनही नको. टँकर चर्चजवळ, चार वाजता. वृत्तस्थळाचं नाव टाकायला जागा उरली नाही. उघडायला खाली लिंक ठेवलीच नाही; नुसता फोटो पानावर टाकला.

प्रतिक्रिया ३. उघडली ०.

"शून्य," सर परतल्यावर म्हणाले. "उद्यापासून तू हवामान लिही."

चार वाजता चर्चजवळची रांग कोपरा वळून गेली होती. तिया पुरिंग चौथी, पायाशी दोन कॅन.

"आलीस फोटो काढायला?"

"टँकरचं कुणी सांगितलं तुला?"

"शेजारणीने फोटो पाठवला. कुणी शहाण्याने सरळ चार ओळी लिहिल्यात. शिका जरा तुम्ही बातमीवाले."

टँकरचा पाइप सुरू झाला. रोवेनाने वाकून एका कॅनची कडी धरली.

"ठेव तो," मावशी म्हणाली. "माझा मी उचलते."