न घेतलेला टाइमआउट

बायको गेल्याचं मास्तरांना कळलं ते मैदानावरच. प्लेऑफचा दुसरा सामना चालू होता. मध्यंतरात मेव्हणा बेंचपाशी आला आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली तेवढी काढून घेतली. मास्तर समजले. निघताना दवाखान्यात तीच म्हणाली होती, जा तुम्ही, माझ्या तोंडाकडे बघत बसून काय बास्केट पडणार आहेत?

बास्केटबॉलचा हा संघ छापखान्याचा, मास्तर त्याचे प्रशिक्षक. तीनपैकी दोन सामने जिंकेल तो पुढे जाणार, आणि पहिला ते हरले होते. कप्तानाचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे हा त्याचा शेवटचा हंगाम. मास्तरांची आक्रमणाची चाल एकच होती. सगळ्यांनी सावकाश वर यायचं, ज्याला सगळे खांब म्हणत त्या उंच गड्याला बास्केटखाली उभं करायचं आणि चेंडू त्याला द्यायचा. दोघं त्याच्यावर धावून आले की जो मोकळा राहील त्याला त्याने पास द्यायचा. वर्षानुवर्षं ती चालली, पण आता समोरच्यांनाही पाठ झाली होती. बायको चेष्टा करायची, तुमची माणसं बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी खेळतात. मास्तर ते हसण्यावारी न्यायचे.

मास्तर घाईने निघून गेले आणि संघ ड्रायव्हरच्या हातात आला. हा छापखान्याची गाडी चालवायचा आणि सरावाला मास्तरांच्या मदतीला असायचा. त्याने सांगितलं, चेंडू मिळाला की पळत सुटा, समोरचे जागेवर यायच्या आत बास्केट करा, खांब मागे राहिला तर राहू दे. हातचा गेलेला सामना पोरांनी खेचून आणला.

तिसऱ्या सामन्याला मास्तर येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली, प्रत्येकाला तेच तेच सांगून ते कंटाळले होते. आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, तुझ्याच पद्धतीने खेळव, मी नुसता बसतो.

पण पहिलाच चेंडू हातात आला आणि कप्तान पळाला नाही. सावकाश वर आला. खांब बास्केटखाली जाऊन उभा राहिला.

ड्रायव्हर खाली वाकला. "मास्तर, मी पळायलाच सांगितलंय. ही मंडळी तुमच्यासाठी खेळतायत. टाइमआउट घ्या, तुमचं ऐकतील."

"घेतो," मास्तर म्हणाले.

घेतला नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी सांत्वनाचा एक शब्दही न बोलता त्यांच्यासाठी काहीतरी करत होतं, आणि ते बघत बसावंसं वाटत होतं. ती असती तर गॅलरीतून हाका मारून तिने त्यांना उठवलं असतं. आणखी एक चढाई बघू, मग घेऊ, असं करता करता खांबाभोवती तिघंतिघं जमायला लागले, चेंडू हिसकावले जायला लागले. शेवटी टाइमआउट घेतला, पळा म्हणून सांगितलं. पोरं जीव तोडून पळाली, पण फरक भरून निघाला नाही.

सामना संपल्यावर कप्तान लंगडत आला. "माफ करा, मास्तर. मीच सगळ्यांना सांगितलं होतं. वहिनींसाठी तुमच्या चालीने जिंकायचं होतं."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चांगलं खेळलात म्हणाले आणि मेव्हण्याबरोबर घरी गेले.

कप्तान आता खेळत नाही. आपल्यामुळे संघ हरला असं तो भेटेल त्याला सांगतो. घर त्याचं मास्तरांच्या मागच्याच गल्लीत आहे. चूक त्याची नव्हती, हे मास्तरांनी त्याला अजून सांगितलेलं नाही.