सुतक नावाचा अल्बम

चौथं गाणं सुरू झालं आणि भागवतच्या अंगाची लाहीलाही झाली. हेडफोनमध्ये त्याची आई रडत होती.

बुलडाण्यातल्या भजनं रेकॉर्ड करणाऱ्या एका स्टुडिओत त्यांच्या बँडचा दुसरा अल्बम चालला होता. पहिला नाचायचा होता, वरातींत वाजला. दुसरा काळाकुट्ट करायचा, कोणी केला नसेल असा, हे शंतनुच्या डोक्यात बसलं होतं. शंतनु गिटार वाजवायचा आणि स्वतःला बँडचा मालक समजायचा. प्राध्यापकाचं पोरगं, दुःखाचा फार शौक, स्वतःचं मात्र एकही नाही. चार महिने तो जिनिंगच्या मशीनचे, मोटारपंपाचे आवाज गोळा करत हिंडला. भागवतचे वडील गेले त्या दिवशी भागवतला गाडीवर बसवून त्याच्या गावी, धामणगाव बढ्याला, त्यानेच नेलं होतं. तेव्हाही साहेबांचा रेकॉर्डर खिशात चालूच होता.

भागवतने तीन मिनिटं ऐकलं, शेवटपर्यंत. मग हेडफोन आपटले.

"काऊन बे, माह्या मायचं रडणं गाण्यात टाकतं तू?"

"रडणं कुठे, गाणंच आहे ते. काय हेल आहे! अख्खा अल्बम त्यावर उभा आहे. नावही ठरलंय, सुतक."

गावाकडे बाई रडते ती गेलेल्या माणसाशी बोलत. सगळा जन्म त्याला सांगते, बायका भोवती बसून ऐकतात आणि नंतर त्यातला एक शब्दही कोणी काढत नाही. एवढी साधी रीत या दीडशहाण्याला कळू नये? भागवतला त्याच्याच गिटारने त्याला बडवावंसं वाटलं.

"तिच्या तोंडावर विचार," तो म्हणाला. "ती हो म्हनली तं ठेव."

भागवतची आई पुष्पाबाई गावी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शंतनुने लॅपटॉप उघडून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांचे हात थांबले. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली.

"हे म्या त्यायले म्हनलं होतं, बाबू. तुले नाई."

"काकू, पण फार सुंदर..."

"भागवत लाकडं आनाले गेला, तवा म्हनलं. तो घरात असता तं जीभ चावली असती." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तू आयकलं का रे?"

वडील गेले त्या दिवशी भागवत बँडच्या तालमीत ड्रमवर होता, फोन सायलेंट. घरून अकरा कॉल आले होते. गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाला आई नवऱ्याला म्हणत होती, पोराची वाट पाहू पाहू डोये मिटले जी तुमी, पोरगा ढोल बडवत बसला.

"नाई वो माय. सुरवातच आयकली."

शंतनुने चमकून वर पाहिलं. मग मान खाली घालून त्याने पुष्पाबाईंच्या समोरच ती फाइल पुसली, रेकॉर्डरमधलीही पुसली.

परत जाताना गाडीवर मागे बसून तो दोनदा सॉरी म्हणाला. भागवतने गाडी आणखी जोरात पळवली. आईची ती ढोलाची ओळ त्याला पाठ झाली होती, हेलासकट.