तीन मुठी कमी

दिगंबरशेठ कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचे, डोळे मिटायचे आणि बुवांनी गजर धरला की सगळ्यांच्या आधी मान डोलवायचे. गोदाबाई दहा वर्षं ते बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, काय भाव आहे माणसाचा! यंदा मात्र त्यांना ती मान बघवेना. झांजा कानात वाजायच्या, शब्द आत उतरायचे नाहीत, समोर नुसती ती तेल चोपडलेली, डुलणारी मान.

कीर्तनात बसून कुणाची शिसारी येणं हे चांगलं नव्हे, हे त्यांना समजत होतं. देवाला हात जोडून तसं सांगतही होत्या. पण शिसारी यायची ती यायचीच.

त्याचं झालं होतं असं. कसब्यातल्या त्यांच्या बोळातलं रेशनचं दुकान बंद पडून दोन वर्षं झाली होती. जुना दुकानदार रॉकेल बाहेर विकताना सापडला, त्याचा परवाना गेला, आणि बोळातली सव्वाशे कार्डं नारायण पेठेतल्या एका दुकानाला जोडली गेली. म्हणजे चार घरची धुणीभांडी टाकून तिथवर चालत जायचं, रांगेत उभं राहायचं, नंबर लागेपर्यंत गहू संपलेला असायचा. शेजारची नंदा शिवणकाम सोडून महिन्यातले तीन दिवस त्या रांगेत घालवायची. बोळातली शिकलेली मुलं सकाळी लॅपटॉपच्या बॅगा पाठीला लावून हिंजवडीची बस धरायला पळायची, आणि त्याच वाटेनं त्यांच्या आया, आज्या डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन परत यायच्या. शहर मोठं झालं म्हणतात ते हेच.

मग सरकारनं नवीन दुकानांसाठी अर्ज मागवले. महिला बचत गटांना प्राधान्य. गोदाबाईंचा गट सहा वर्षांचा, अकरा बायकांचा. नंदाची मुलगी नम्रता कंपनीतून अटींचा कागद छापून घेऊन आली.

"सतरा कंडिशन्स आहेत, गोदाआजी. ऐका हं."

"सतरा?" गटातली मैना म्हणाली. "माझ्या लग्नाला एवढ्या नव्हत्या."

"असत्या तर तो नवरा पास झाला असता का?" नंदा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

नम्रता वाचत गेली. गट तीन वर्षं चाललेला हवा. जागा तळमजल्यावर हवी, कोरडी हवी, फरशी पक्की हवी, राहत्या घरात नको. दारावर भाव आणि शिल्लक साठा लिहिलेला फळा हवा. धान्याचा नमुना बाटलीत भरून बाहेर ठेवायला हवा. गटातल्या कुणाच्या घरात पिठाची गिरणी नको. सरकारी गहू मागच्या दारानं जात्यात जाऊ नये म्हणून ही अट. आणि तराजू नि वजनं सरकारी शिक्क्याची हवीत.

बायकांनी एकेक अट कुलूप उघडावं तशी उघडली. मैनाच्या सासऱ्यांची तांबटकामाची बंद खोली होती, तिथली काजळी खरवडून फरशी घातली. उंदरांची बिळं बुजवली. तराजू आणि लोखंडी वजनं एका बंद झालेल्या किराणा दुकानातून आणली, आणि नंदानं वजनमापे कार्यालयात जाऊन त्यांच्यावर शिक्के मारून घेतले. प्रत्येक वजनाच्या पाठीवर शिशाची एक टिकली असते, शिक्का तिच्यावर उमटवतात. शिसं मऊ म्हणून.

वजनं गोदाबाईंच्या ताब्यात आली, आणि इथंच घोटाळा झाला.

बोळातल्या दत्तमंदिरातली उपकरणी गोदाबाई घासायच्या. समया, ताम्हण, बुवांच्या झांजा, आरतीचं ताट. चिंच आणि विटेची भुकटी घेऊन बसल्या की पितळेत तोंड दिसेपर्यंत उठायच्या नाहीत. वजनं आली ती किराणा दुकानातल्या तेलकट चिकट थरानं माखलेली. अन्नाला लागणार ती वजनं! रोज देवाची भांडी झाली की त्या वजनं घ्यायच्या. तीन आठवडे घासली. वरून तेलाचा हात फिरवून ठेवली.

तपासणीला पुरवठा खात्याचे निरीक्षक रंगराव आले. किडकिडीत गृहस्थ, खिशाला दोन पेनं, बोलणं तिरकं.

"उंदीर?"

"एकही नाही, साहेब," नंदा म्हणाली.

"हे तुम्ही सांगताय. उंदरांना विचारलंत का?"

फरशी बघितली, फळा बघितला, गटाची कागदपत्रं बघितली. सोळा अटींवर पेन टेकवत गेले. मग पाच किलोचं वजन उचललं, उलटं केलं, उजेडात धरलं.

"बाई, हे काय?"

"पाच किलो," गोदाबाई म्हणाल्या.

"तेवढं मला कळतं. शिक्का कुठाय?"

टिकली आरशासारखी चकचकीत होती. शिक्का नव्हता. एका कडेला अर्धा आकडा तेवढा उरला होता.

"घासलं हो मी," गोदाबाई पुटपुटल्या. "स्वच्छ असावं म्हणून."

रंगरावांनी वजन हळूच खाली ठेवलं. "चोवीस वर्षं नोकरी झाली. घाणीपायी बाद केलेली दुकानं रग्गड. स्वच्छतेपायी बाद होणारं हे पहिलंच." पेन खिशाला लावत म्हणाले, "सोमवारी पुन्हा येतो. शिक्क्याची वजनं दिसली तर ठीक. नाहीतर यादीतला पुढचा अर्ज."

शिक्के मारून मिळायची पुढची तारीख महिन्याभरानं होती. नंदानं दोन दिवस खेटे घातले, उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी ती दिगंबरशेठकडे गेली.

शेठची बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी. दत्तजयंतीच्या कीर्तन सप्ताहाचे यजमान तेच. संध्याकाळी ते स्वतः मैनाच्या खोलीवर आले. नव्या पिशवीत वजनं, वर नारळ.

"अहो गोदाबाई, एवढ्यासाठी जीव कशाला टांगणीला लावायचा? ही घ्या. शिक्के कसे लखलखीत आहेत बघा. दुकान तुमचंच. पोती उतरवणं, ट्रक, मापायला माणसं, ते सगळं मी बघतो. तुम्ही बायकांनी सही करायची आणि मंदिरात निवांत बसायचं. वजनंही हीच राहू देत. म्हणजे पुन्हा घासाघाशीची भानगड नको." आणि हसले.

ते गेल्यावर गोदाबाईंनी एक वजन उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. तीन आठवडे रोज पाच किलो हातात खेळवलेली बाई ती. हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"मैना, कोपऱ्यावरून मिठाचे पाच पुडे आण. किलोचे, बंद."

तराजूच्या एका पारड्यात पुडे, दुसऱ्यात आपलं घासलेलं वजन. काटा मधोमध उभा राहिला. मग आपलं काढून शेठचं वजन ठेवलं. मिठाचं पारडं टपकन खाली गेलं. गोदाबाईंनी वजनाच्या शेजारी तांदळाची एक मूठ टाकली. दुसरी टाकली. तिसऱ्या मुठीला काटा सरळ झाला.

शिक्क्याची टिकली वरून शाबूत होती, पण ठोकली की पोकळ वाजत होती. आतलं शिसं कुणीतरी कधीच पोखरून काढलं होतं.

"तीन मुठी," गोदाबाई म्हणाल्या. पाच किलोमागं एका माणसाचं एका वेळचं जेवण. त्यांना एकदम आठवलं, या माणसाच्या हातून आपण दरसाल आरतीनंतर प्रसाद घेतो. त्यांनी तळवा पदराला पुसला. पुन्हा पुसला.

नंदानं पारड्यातला तांदूळ काढून घेतला. मग म्हणाली, "मावशी, एका दिवसाचा प्रश्न आहे. तपासणी झाली की परत देऊन टाकू."

"आणि तो परत घेईल? सही आपली, माणसं त्याची. आपल्याच खोलीत, आपल्याच बायकांच्या पिशवीतून काढायचं?"

"मग जाऊ द्यायचं दुकान? वजनं घासली कुणी? मी घासली?" नंदाचा आवाज चढला. "तुमचं एकटीचं पोट, मंदिरात चार घास मिळतात. आम्हाला रांगेत उभं राहावं लागतं!"

गोदाबाईंनी पिशवी उचलली, नारळासकट गिरणीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मागं न बघता आल्या. रंगरावांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्या बिनशिक्क्याच्या वजनानं त्यांच्या शिक्क्याचं वजन खोटं ठरवायचं? लेखी काय लिहू मी?"

सोमवारी गट बाद झाला. त्यानंतर पंधरा दिवसांत शेठची गिरणी मांजरी गावात राहणाऱ्या भाच्याच्या नावावर चढली. शेठच्या बायकोचा, जयाबाईंचा, एक बचत गट उगवला. कुणी कधी ऐकलेला नाही, पण कागदावर चार वर्षांचा. सतराच्या सतरा अटी पुऱ्या. दत्तजयंतीच्या आधी दुकान उघडलंही. त्यात शेठची माणसं, शेठची वजनं. नंदानं गोदाबाईंशी बोलणं टाकलं होतं.

आणि शेठ पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

कीर्तनाला वैजनाथबुवा होते. गळा असा की ऐकणाऱ्याचं मन निवळलेल्या पाण्यासारखं स्वच्छ व्हावं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आख्यान लावलं ते दारी आलेल्या भुकेल्या पाहुण्याचं, घरच्या बाईनं आपल्या ताटातलं त्याला वाढल्याचं. सारं मंदिर डोळे पुसत होतं. शेठनंही उपरण्यानं डोळे टिपले. गोदाबाई उठल्या आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. इतकी वर्षं गेली, आख्यान अर्धं टाकून उठायची त्यांची ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तराजू आणि आपली ती चकचकीत वजनं मंदिराच्या ओट्यावर आणून मांडली. रेशन घेऊन जाणाऱ्या बाईला हाक मारायच्या, "ये ग, ठेव पिशवी. बघू." दहा किलोला सहा मुठी. वीसला बारा. त्या बोलत काही नव्हत्या, मुठी मोजून दाखवत होत्या. आधी बायका बुजल्या. मग ओट्यापाशी रांग लागली. तिसऱ्या दिवशी त्या रांगेत नंदा दिसली. तिनं मान खाली घालून पिशवी पारड्यात ठेवली, काटा बघितला आणि नुसतं म्हणाली, "शी."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी शेठनं रंगरावांना सत्काराला बोलावलं होतं. हातात नारळ घेऊन ते ओट्यापाशी आले.

"बाई, बिनशिक्क्याची वजनं वापरणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"विकायला वापरली तर. मी इथं काय विकतेय, साहेब? प्रसाद?"

तेवढ्यात बुवा निघाले. यजमानांनी बुवांना सव्वापाच किलो तांदळाचा शिधा द्यायचा ही तिथली रीत. बुवांच्या खांद्यावर ती पिशवी होती, मागं पोचवायला शेठ. बुवा ओट्याशी थांबले, रांग बघितली, आणि लहान मुलासारखे हसले.

"बाई, माझंही बघा की."

"अहो बुवा, चला, गाडी थांबलीय," शेठ म्हणाले.

बुवांनी पिशवी पारड्यात ठेवली. गोदाबाईंनी पाच किलो आणि पाव किलो ठेवलं. वजनाचं पारडं खाली गेलं ते खालीच. गोदाबाईंनी शेजारच्या डब्यातून तांदूळ घेतला. एक मूठ. दोन. तीन. काटा सरळ.

आत कुणीतरी झांजा आवरत होतं, तेवढाच आवाज.

"देवाच्या घरचा शिधा," नंदा म्हणाली. "त्यातही?"

शेठचा चेहरा उतरला. "अहो, मुद्दाम कशाला करीन मी? पोरांनी दुकानातूनच भरून आणला... हात जातो तो सवयीनं..."

रंगरावांनी नारळ ओट्यावर ठेवला. "दुकानातूनच? म्हणजे हा रेशनचा तांदूळ? याला कार्ड कोणाचं लागलं, शेठ?" आणि खिशातलं एक पेन काढलं. "आणि सवय कसली म्हणालात? चला, दुकान उघडा. ती वजनं आता लेखी घेतो मी."

ते दोघं बोळातून निघाले, मागं बायकांचा घोळका. बुवांनी पिशवीला हातही लावला नाही. "बाई, ज्यांच्या मुठी गेल्या त्यांना वाटा," म्हणाले आणि रिकाम्या खांद्यानं गाडीकडे चालू लागले.

गोदाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. देवासमोर असलं काही आपल्या पारड्यात तोललं गेलं याचीच किळस येत होती. त्या नळाशी गेल्या आणि चिंच लावून हात धूत बसल्या.

नंदा मागं येऊन उभी राहिली. नळ बंद करत म्हणाली, "मावशी, दुकान आता पुन्हा निघेल. अर्ज भरायचा?"

"भर."

"वजनांवर शिक्के मारून आणते मी उद्याच. तारीख आलीय."

"आण," गोदाबाई हात निथळत म्हणाल्या. "पण आणलीस की तुझ्याकडेच ठेव. माझ्या हातात देऊ नकोस."