ऐंशी किलोंचा फरक

कारखाना बंद करताना मालकांनी मला पंधरा वजनं दिली. प्रत्येकी वीस किलोंची, बिडाची, वर उचलायला कडी असलेली. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं वजनकाटे तपासायचं काम केलं होतं. आता हेच काम स्वतःच्या नावाने करायचं ठरवलं होतं आणि पहिली ऑर्डर मिळालीही होती. औषधांच्या एका गोदामातले नऊ काटे, सोमवारी सकाळी आठ वाजता. वजनं घेऊन वेळेवर पोचला नाहीत तर दुसऱ्याला बोलावू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आज शनिवार होता आणि माझ्याकडे गाडी नव्हती.

साठवलेल्या पैशांत नवी गाडी बसत नव्हती. टेम्पो आमच्या गल्लीत वळत नव्हता. मला हवी होती जुनी एस्टेट गाडी, म्हणजे छत शेवटपर्यंत सपाट नेलेली आणि मागची सीट पाडली की माणूस आडवा झोपेल एवढी डिकी असलेली. तीनशे किलो वजन आणि मी, एवढं रोज वाहून नेईल अशी.

सोबत भावोजी आले होते. ताईचा नवरा. गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत आहे आणि घरात ते कुणी खोडून काढत नाही. वजनं मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या भाड्याच्या टेम्पोत घालून बरोबर आणली होती. ते बघून भावोजी म्हणाले, "मेव्हणीबाई, लोक गाडी बघायला जाताना पेढे नेतात. तुम्ही लोखंड घेऊन निघालात."

"भरून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"टायरला लाथ मारायची. आवाजावरून कळतं."

जुन्या गाड्यांच्या आवारात दोन एस्टेट होत्या. एक पुढे, चंदेरी, आरशासारखी चकाकणारी. दुसरी मागच्या भिंतीला लागून, मळकट हिरवी, दारावर पोचा पडलेली. विक्रेता थेट भावोजींकडे गेला आणि त्यानंतरचा अर्धा तास त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चंदेरी गाडी एका डॉक्टरांची, एकहाती वापरलेली. आतून अत्तराचा वास येत होता. भावोजींनी टायरला लाथ मारली, कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली.

"किंमत बघा, साहेब. या मॉडेलची एवढ्यात मिळणार नाही. बाराला दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"घेऊन टाकू," भावोजी मला म्हणाले. "हिरवीपेक्षा थोडीच महाग आहे. गोदामवाल्यांसमोर छाप पडेल."

खरं सांगायचं तर मलाही ती आवडली होती. म्हणूनच तिचा कागद मी दोनदा वाचला. रिकाम्या गाडीचं वजन, टाकी भरलेली धरून, चौदाशे साठ किलो.

"शेजारी भंगारच्या आवारात गाड्यांचा काटा आहे," मी म्हणाले. "एकदा वजन करू."

विक्रेत्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "ताई, गाडी चालवायची आहे की रद्दीत घालायचीय?"

भावोजी मोठ्याने हसले. मग माझं तोंड बघून थांबले. "करू द्या हो तिला. दहा मिनिटांचं काम आहे. तिचा धंदाच तो आहे."

काटा सांभाळणाऱ्या मावशी खिडकीत बसून लोकर विणत होत्या. चंदेरी गाडी काट्याच्या लोखंडी पाट्यावर चढली, विक्रेता उतरून बाजूला झाला, आकडा स्थिरावला. सोळाशे.

एकशे चाळीस किलो जास्त! एवढा फरक कशाने पडेल याचा विचार करत मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या काचेतून आत पाहिलं. भावोजी सीटवर ऐसपैस बसून शेंगदाणे खात होते.

"भावोजी, उतरा!"

"का? गादी कशी आहे ते बघतोय."

ते उतरले. आकडा पंधराशे दहावर आला.

"म्हणजे मी नव्वद? छे. मी अठ्ठ्याहत्तर आहे. काटा बिघडलाय."

"बघितलंत?" विक्रेता लगेच म्हणाला. "साहेब सांगतायत, काटा बिघडलाय."

खिडकीतल्या सुया थांबल्या. "माझा काटा?" मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला.

शंका मलाही होती. भावोजी बाजूला झाल्यावरही पन्नास किलो जास्त भरत होते. शिवाय टाकी जेमतेम पाव होती, म्हणजे गाडी कागदापेक्षा तीसेक किलो हलकी असायला हवी होती. एकूण ऐंशी किलोंचा फरक. पण काट्याची परीक्षा झाल्याशिवाय त्यावरच्या वस्तूला दोष द्यायचा नाही, हे मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

गाडी खाली घेतली. टेम्पोतून पाच वजनं उतरवली आणि पाट्याच्या एका कोपऱ्यात ठेवली. शंभर. दुसऱ्या कोपऱ्यात, शंभर. तिसऱ्यात, चौथ्यात, मधोमध. दर वेळी शंभर, ना कमी ना जास्त. मग पंधराही ठेवली. तीनशे. माझ्या बोटांवर कड्यांचे वळ उठले होते. भावोजींनी शेंगदाण्यांची पुडी खिशात घातली आणि ते न सांगता वजनं उचलू लागले.

"काटा खरा आहे," मी म्हणाले. "गाडी खोटी आहे."

"म्युझिक सिस्टीम बसवलीय ना जादा," विक्रेता म्हणाला.

"ऐंशी किलोंची?"

मी दाराखालच्या लांब पत्र्यावर बोटाने टिचकी मारली. तो आतून पोकळ असतो, डब्यासारखा वाजायला हवा. हा भरलेल्या पोत्यासारखा वाजला. मागची सीट पाडून चटईची कड उचलली आणि खालच्या फोमवर रुमाल दाबला. पांढरा रुमाल तपकिरी होऊन वर आला. अत्तराखालचा वास आता सगळ्यांना आला. पत्र्याच्या खालच्या अंगाला रबराचं बूच होतं. ते मी नखाने काढलं तर आधी थेंब थेंब गढूळ पाणी आलं आणि मग करड्या चिखलाचा गोळा भद्दकन भावोजींच्या बुटावर पडला.

"पुरात बुडालेली आहे," मी म्हणाले. "छतापर्यंत नसेल, सीटपर्यंत नक्की. वायरी आतून गंजत असतील."

"डॉक्टरांची गाडी ना?" भावोजींनी विक्रेत्याला विचारलं. "काय, बोटीवर दवाखाना होता का त्यांचा?"

खिडकीत मावशी इतक्या हसल्या की लोकरीचा गुंडा घरंगळत पाट्यावर आला.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. मला लिलावात अशीच मिळाली, असं काहीतरी तो पुटपुटला. मी वाद घातला नाही. हिरवी गाडी आणा म्हणाले.

ती एका रंगाऱ्याची होती. डिकीभर पांढऱ्या-निळ्या रंगाचे शिंतोडे होते. टिचकी मारली तर पत्रा डब्यासारखा वाजला. त्याच मॉडेलची, कागदावर तेच चौदाशे साठ, टाकी पाव. काटा म्हणाला चौदाशे तीस. मी मागच्या चाकावरच्या कमानीची उंची टेपने मोजली. मग पंधरा वजनं सीटपासून मागे दोन रांगांत ठेवली आणि पुन्हा मोजली. मागचा भाग जेमतेम चार सेंटिमीटर बसला होता. खाली वाकून पाहिलं. रंगाऱ्याने बादल्या वाहायच्या म्हणून मागे जाड स्प्रिंगा घालून घेतल्या होत्या. तो माणूस मी कधी पाहिला नाही, पण त्या क्षणी त्याला नमस्कार करावासा वाटला.

वजनं आत असतानाच मी ती चालवली. चढावर नेली, खड्ड्यातून नेली, एकदा जोरात ब्रेक दाबला. भावोजी शेजारी दाराची मूठ धरून बसले होते. परत आल्यावर म्हणाले, "टायरला लाथ मारू का?"

"मारा."

त्यांनी हळूच मारली. "ही चांगली आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

विक्रेत्याने किंमत सांगितली. मी पोच्याचे आणि झिजलेल्या पुढच्या दोन टायरांचे पैसे वजा करून माझी सांगितली. त्याने एकदा मावशींच्या खिडकीकडे पाहिलं आणि पावतीपुस्तक काढलं. रक्कम माझ्या बजेटात बसली, वर नव्या टायरांपुरती उरली.

निघताना मी गाडी पुन्हा पाट्यावर नेली. "मावशी, आकडा बघायच्या आधी मी सांगते. गाडी चौदाशे तीस, वजनं तीनशे, मी साठ, भावोजी नव्वद. अठराशे ऐंशी."

"अठ्ठ्याहत्तर," भावोजी म्हणाले.

"अठराशे ऐंशी!" मावशी खिडकीतून ओरडल्या. मग बाहेर येऊन माझ्या काचेशी वाकल्या. "बाई, माझ्या काट्याला बिघडलेला म्हणणारे रोज चार भेटतात. आज तू तो सगळ्यांदेखत खरा ठरवलास. तसं लिहून देशील? शिक्क्यासकट? तुझी फी घे, फुकट नको."

शिक्का पर्समध्येच होता, सोमवारसाठी करून आणलेला. गाडीच्या टपावर कागद ठेवून मी पाचही जागांचे आकडे भरले, सही केली, शिक्का मारला आणि वरच्या चौकटीत लिहिलं, प्रमाणपत्र क्रमांक एक.

मावशींनी तो कागद काचेला आतून चिकटवला. मी आरसा नीट केला, किल्ली फिरवली आणि हिरवी गाडी पाट्यावरून खाली घेतली. वजनं जागची हलली नाहीत. गोदामाच्या प्रमाणपत्रांचे क्रमांक आता दोनपासून.