आम्ही दोघींनी लावलेले दिवे

मी दात करते. डॉक्टर मंडळी लोकांच्या तोंडात बसवतात त्या कवळ्या, टोप्या आणि दाढा माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर तयार होतात. पस्तीस वर्षं झाली. माझे दात लावून लोकांनी भाषणं ठोकली, नोकऱ्या मिळवल्या, कडाकडा भांडणं केली. श्रेय मात्र कायम डॉक्टरला. असो. मला सांगायचंय ते वेगळंच. या वयात मी बाहुल्यांच्या घराचे दिवे केले, तेही विहीणबाईंबरोबर, आणि त्या पंधरा दिवसांत जेवढी हसले तेवढी आधीच्या दहा वर्षांत मिळून हसले नव्हते.

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. माझ्या लेकीची लेक साडेपाच वर्षांची. स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, पण कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडून कामं करून घेते, म्हणून घरात तिला मुकादम म्हणतात. शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं, की तिचा डावा डोळा नीट बघतच नाही. सगळा भार एकट्या उजव्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा लागेल, आणि रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी. पट्टी लावून काहीतरी बारीक बघत बसायला हवं, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. आत्ता केलं तर तो शिकेल. उशीर केला तर अवघड होत जातं."

आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं होतं. त्यातले दोन असेच गेले. पट्टी सलग पाच मिनिटं काही डोळ्यावर टिकली नाही. ती फ्रीजवर सापडली, जावयाच्या टकलावर सापडली, एकदा माझ्या तयार कवळीच्या टाळूला चिकटून थेट दवाखान्यात पोचली. "माझा डोळा आळशी नाहीये," मुकादम ठणकावून सांगायच्या. "त्याला बघण्यासारखं काही मिळत नाहीये." लेक एकदा स्वयंपाकघरात भांडी घासता घासता रडली. नळ चालू ठेवून रडली, म्हणजे मला कळणार नाही असं तिला वाटलं. डोळा तो. दात असता तर मी नवा करून दिला असता.

त्याच सुमारास जावयानं पुस्तकांचं एक जुनं कपाट आडवं पाडून बाहुल्यांचं घर बनवलं होतं. खाली बैठक नि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि न्हाणीघर, मधून जिना. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे यातला एक इंच, असं माप. जावई माणूस सोन्यासारखा, पण त्यानं बनवलेलं एकही दार लागत नाही. मुकादमांनी घराची पाहणी केली आणि एकच शेरा मारला, "यात दिवे नाहीत. लागणारे पाहिजेत. आणि मॉडर्न."

मॉडर्न म्हणजे काय, हे तिनं फर्निचरच्या दुकानात पाहून ठेवलं होतं. काळ्या बारीक दांडीला लटकणारे पांढरे गोळे, एक मोठं गोल कडं, आणि ओट्यावरच्या कपाटाखाली लपलेली उजेडाची रेघ. "झालरवाले नकोत," तिनं बजावलं.

ते ऐकून माझ्या डोक्यात लख्खकन आलं. वाटाण्याएवढे पांढरे गोळे, आत उजेड. पट्टी लावून बघण्यासारखं याहून बारीक काय असणार? गोळे माझ्या हातचा मळ. पण विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. एकीला कळतं, आणि नेमकी तीच नको होती.

विहीणबाई, म्हणजे जावयाची आई, तीस वर्षं रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसल्या. मुकादम मला दातआजी म्हणते, त्यांना रेडिओआजी. आम्ही दोघी सात वर्षं एकमेकींशी इतक्या गोड बोलत होतो, की ऐकणाऱ्याच्या दातांना कीड लागावी. कारण असं, की पोरांनी संसार थाटला तेव्हा मी नवा कोरा मिक्सर दिला होता. या बाईंनी तो पहिल्याच दिवशी उघडला, आतल्या दोन तारा बदलल्या आणि म्हणाल्या, "आता चालेल." अहो, तो आधीही चालत होता. तेव्हापासून 'अहो विहीणबाई, या ना' आणि 'अहो विहीणबाई, कशाला त्रास' याच्या पलीकडे आम्ही गेलो नाही.

नाक मुठीत धरून फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हजर. हातात डबा, डब्यात तारांना कथलाचा डाग द्यायची पेनाएवढी इस्त्री, चिमटे आणि केसासारख्या तांब्याच्या तारांचं गुंडाळं. माझ्या टेबलाकडे त्यांनी असं बघितलं, की मी मनात म्हटलं, हिनं माझ्या पॉलिशच्या मोटारीला हात लावला तर खैर नाही.

पहिल्या दिवशी आमचं जमलं नाही. मी हौसेनं दातांच्या तारेचं कडं वाकवलं होतं, अगदी गोल. त्यांनी इस्त्री टेकवली, फुंकली, पुन्हा टेकवली. "अहो, हे स्टील आहे. स्टीलला असा डाग बसत नाही."

"तोंडात वीस वीस वर्षं टिकते ही तार," मी म्हणाले.

"तोंडात दिवा लावायचाय का?"

मग मनात नसतानाही हसू फुटलं. माझं बघून त्यांनाही फुटलं. सात वर्षांत मी त्यांचे पुढचे दात पहिल्यांदा नीट पाहिले. वरचा डावा किंचित आडवा होता, आणि त्यांना शोभत होता.

तिथून गाडी रुळावर आली. कडं पितळेचं केलं, त्याच्या आतल्या बाजूनं त्यांनी खसखशीएवढे आठ दिवे बसवले. गोळे मी करायचे. मेणाची गोळी वळायची, तिच्यावर दात बनवायची पांढरी पावडर आणि ती कालवायचं औषध यांचा पातळ थर चढवायचा, घट्ट झाला की गरम पाण्यात टाकायचा. मेण वितळून तळाला ठेवलेल्या भोकातून बाहेर येतं आणि हातात राहतो अंड्याच्या टरफलासारखा पोकळ गोळा. मग मोटारीवर घासून, पुसून चकचकीत. त्यात त्या दिवा सोडायच्या, वर दांडी, आणि दांडीला नखांना लावतात तो काळा रंग.

रंगावरून वाद झाला. पांढरा म्हणजे कुठला पांढरा? माझ्याकडे दातांच्या रंगांचे सोळा नमुने असतात, खोटे दात एका फळीवर ओळीनं टांगलेले. मुकादमांना समोर बसवलं. तिनं खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकासारखे सोळाही नमुने उजेडात धरून पाहिले आणि दुसरा निवडला. "हा. हा सकाळसारखा आहे." धंद्यात तो रंग तिशीतल्या निरोगी माणसाच्या समोरच्या दातांना लावतात. म्हणजे बाहुल्यांची बैठक तिशीतल्या निरोगी दातांनी उजळणार होती. यावर विहीणबाई इतक्या हसल्या, की डाग द्यायची इस्त्री खाली ठेवावी लागली.

"दात काढू नका हो," मी म्हणाले.

"तुम्ही बसवा, मी काढते," त्या म्हणाल्या. मग काय, दोघींना आवरेना. शाळेत ज्यासाठी वर्गाबाहेर काढतात तसलं हसू. पोट धरून, डोळे पुसून, पुन्हा एकमेकींकडे बघून. हातात गोळा घासायला घेतलेला तसाच, मोटार चालूच, हात आपले सवयीनं फिरतायत आणि मी हसतेय. उरलेले गोळे मी त्याच दुपारी पूर्ण केले. विहीणबाईंनी तिथल्या तिथे चिकटवूनही टाकले.

माझी एक चूक झाली, ती कबूल करते. त्या पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात मी उत्साहाच्या भरात खेळण्यातल्या गाडीच्या रिमोटातली चौकोनी बॅटरी काढून न्हाणीघराच्या दिव्याला टेकवली. दिवा एकदा निळा झाला आणि देवाघरी गेला. "दोन पेन्सिल सेल पुरतात याला," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "तुम्ही त्याला नऊ व्होल्टचा हिसका दिलात." पण रागावल्या नाहीत. नवा बसवला. आणि जाता जाता माझ्या जुन्या मोटारीची वायर बदलली. ती खरंच आधीपेक्षा बरी चालते. मिक्सरचंही तसंच झालं असावं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

कळीची युक्ती विहीणबाईंनी काढली. बाहुल्यांचं घर एका टेबलावर ठेवून त्याचं एक मुख्य बटण त्यांनी टेबलाखाली लपवून बसवलं, आमच्या गुडघ्याशी. मुकादमांना सांगितलं, की हे घर पट्टी लावलेल्या माणसालाच ओळखतं. पट्टी असली तर दिवे लागतात, काढली की जातात.

"घराला कसं कळतं?" तिनं विचारलं.

"मॉडर्न आहे," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

भर दुपारी पडदे ओढले आणि घरावर आणि आमच्या डोक्यांवर रजई ओढून आम्ही तिघी आत बसलो. मागून लेकीचा आवाज आला, "बघू तरी दोघी आज्यांनी काय दिवे लावलेत." मुकादमांनी स्वतःच्या हातानं पट्टी लावली, वर चष्मा चढवला. मी गुडघ्यानं बटण दाबलं. बैठकीतले तीन गोळे, जेवणाच्या टेबलावरचं कडं, ओट्यावरची रेघ, जिना, वरच्या खोल्या, सगळं एकदम उजळलं. एवढंसं घर, पण कोणीतरी नुकतंच चहा ठेवायला उठलंय असं वाटायला लागलं. मी टाळ्या पिटल्या. बासष्ट वर्षांची बाई रजईखाली टाळ्या पिटतेय.

मुकादमनं मात्र डोळा बारीक केला. मग म्हणाली, "सगळं पिठात पडल्यासारखं दिसतंय."

आमचे चेहरे उतरले. इतका बारीक कारभार केला आणि ज्या डोळ्यासाठी केला त्याला तो धड दिसत नव्हता. पण ती उठली नाही. नाक जवळजवळ बैठकीत घालून बसली, आणि वीस मिनिटांनी पट्टी ओढून काढली. मी बटण बंद केलं. अंधार झाला. ती दोन क्षण थांबली आणि पट्टी परत लावली.

पुढचे चार आठवडे हेच. आधी अर्धा तास, मग तास, मग पुरते दोन. रोज दुपारी रजई. विहीणबाई बस बदलून यायच्या. मुकादम बाहुल्यांना उठवायची, रागवायची, टाचणीएवढ्या चमच्यानं भरवायची. आम्ही दोघी दिवे बघतच नव्हतो. डोळ्यांत तेल घालून तिच्या पट्टीकडे बघत होतो, कोपरा सुटला तर नाही ना, ती फटीतून उजव्या डोळ्यानं चोरून बघत नाही ना. आतून मात्र रोज घाबरायला व्हायचं. तारीख जवळ येत होती. आणि विचारायची हिंमत दोघींनाही होत नव्हती. 'काय गं, आता दिसतं का?' विचारावं, आणि ती पुन्हा 'पीठ' म्हणाली तर?

तपासणीला तीन दिवस होते. दुपारची वेळ. मुकादम नेहमीसारखी स्टुलावर, घरापासून हातभर लांब, बाहुलीची वेणी घालत. मान वर करून म्हणाली, "दातआजी, जिन्यावरचा दिवा दात आहे."

"गोळा आहे तो, राणी."

"नाही. दात आहे. मागचा. चावायचा."

माझा पारा चढला. पस्तीस वर्षांचा हात आहे माझा, गोल म्हणजे गोल. मी पुढे वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मला उजेडाचा एक ठिपका दिसत होता. विहीणबाईंनी डब्यातून रेडिओदुरुस्तीचं भिंग काढलं, जिन्याजवळ नेलं आणि बराच वेळ हललंच नाही ते.

"अगं," त्या म्हणाल्या. सात वर्षांत पहिल्यांदा अगं. "अगं बाई, दाढ आहे ती. चार उंचवटे आहेत. मधली खाचसुद्धा पाडलीयेस."

मी भिंग हिसकावून घेतलं. खरंच दाढ होती. वरची, उजवीकडची, पहिली. नमुना म्हणून शिकवायला ठेवावी इतकी बिनचूक. त्या हसण्याच्या दुपारी माझ्या हातांनी मला न विचारता केलेली. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ते होतंय न होतंय तोच मी वळून मुकादमकडे पाहिलं. पट्टी जागेवर होती. चारही कोपरे घट्ट. खाच राईच्या दाण्याएवढीही नव्हती आणि पोरगी हातभर लांब बसली होती.

"कुठल्या डोळ्यानं पाहिलंस?" मी विचारलं.

तिला हा प्रश्न अगदीच बावळट वाटला. "ह्याच. दुसरा झाकलाय ना."

मग मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हमसून रडले, आणि रडता रडता हसायला लागले. विहीणबाईंनी मला घट्ट धरलं. त्याही हसत होत्या, त्याही रडत होत्या, आणि आमच्या धक्क्यानं रजई घसरून खाली आली. लेक धावत आली आणि विचारत राहिली, काय झालं, कुणाला लागलं का.

मुकादमांना आमच्या गोंधळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं चष्मा नीट केला, पट्टीचा कोपरा स्वतःच दाबला आणि बैठकीतल्या तीन गोळ्यांकडे एक एक करून बारकाईनं पाहिलं.

"आणि यांना कधी येणार दात?" तिनं विचारलं.