बेडकाच्या पदराआड उंदीर

सुज्ञ वाचकहो! क्षुद्र उंदीर आणि दुर्मिळ बेडूक यांत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा एका सुडाने कसा केला, ती हकीकत आता सादर होत आहे. चित्त स्थिर ठेवावे.

उंदीर धरणाऱ्या पिंजरेवाल्याच्या ताईला वैधव्य येताच तिच्या थोरल्या दिराने, म्हणजे बेकरीवाल्याने, तिला लेकरांसह घराबाहेर काढले. वर म्हणाला, "उंदरासारखी घरात शिरलीस, पिलावळही तशीच वाढवलीस!" ते शब्द पिंजरेवाल्याच्या काळजात काट्यासारखे रुतले.

कालांतराने बेकरीच्या मैद्याच्या कोठारात उंदरांनी उच्छाद मांडला. अडला हरी! बेकरीवाल्याने पिंजरेवाल्यालाच बोलावले.

"पाहुणे, झालं गेलं विसरा. विष टाका, एक ठेवू नका."

"सगळ्यांचा हिशोब होईल," असे म्हणत पिंजरेवाला कोठारामागच्या ओल्या नालीपाशी वाकला, तो थबकलाच. दगडाआड पिवळ्या पट्ट्याचा इवलासा बेडूक बसला होता. जंगलखात्याच्या कचेरीत पिंजरे लावताना याचेच चित्र त्याने भिंतीवर पाहिले होते. खाली लिहिले होते : 'नामशेष होण्याच्या मार्गावर. दिसल्यास कळवा.'

त्याच्या मनात तुलना उभी राहिली. उंदीर गल्लोगल्ली, त्याला मारणाऱ्याची पाठ थोपटतात. हा बेडूक मात्र विरळा. याच्या केसाला धक्का लागला तर तुरुंग, जरी बेडकाला केस नसतो! पिंजरेवाल्याने विषाची पुडी पुन्हा खिशात घातली आणि थेट कचेरी गाठली.

साहेब आले, हुकूम निघाला : आवारात विष टाकू नये, पिंजरा लावू नये, मांजरही सोडू नये, कारण पिंजऱ्यात बेडूकही अडकतो आणि मांजर बेडूकही खाते. एका बेडकाच्या पदराआड उंदरांचे गोकुळ नांदू लागले. पोती फाटली, पावात लेंड्या निघाल्या, गिऱ्हाईक तुटले.

ताई आता भावाकडेच राहत होती. शेवटी बेकरीवाला तिच्या दारी उभा राहिला. "अगं, तुझ्या भावाला सांग. तो बेडूक गुपचूप कुठेतरी नेऊन सोड म्हणावं. मी बुडालो!"

"ताई, काय सांगू यांना?" पिंजरेवाल्याने आतून विचारले.

"तू गप्प बस, मी सांगते," ताई म्हणाली. "भाऊजी, उंदीर घरात शिरले की काय करायचं, ते तुम्हालाच चांगलं ठाऊक. मला काढलंत, तसंच काढा त्यांना. पिलावळीसकट."

आणि तिने दार लावून घेतले.

येथवर कृपापूर्वक वाचलेत, याबद्दल शतशः आभार.

आपला नम्र,
पिंजरेवाल्याचा साडू