कच्चं लाकूड

रंध्यातून निघालेला छिलका इतका पातळ होता, की मंजुश्रीने तो कार्यक्रमपत्रिकेवर ठेवला तेव्हा खालची अक्षरं त्यातून वाचता आली. सागाच्या रेषा मात्र त्यात जशाच्या तशा होत्या. तिने तो जपून चष्म्याच्या डबीत ठेवला.

बुलढाण्याच्या सभागृहात जुन्या पद्धतीच्या लाकूडकामाची परिषद भरली होती आणि मंजुश्री सकाळपासून खुशीत होती. एकही खिळा नसलेला पेटारा तिने चहूबाजूंनी पाहिला. फणीपेटीचा चोरकप्पा दोनदा उघडला, तिसऱ्यांदा उघडायला गेली तेव्हा मांडणीवाल्याने हसून पेटीच बाजूला घेतली.

धाड गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि रविवारी वहाब मिस्त्रींच्या दुकानात लाकूडकाम शिकायची. आजही दोघं एकाच एसटीने आले होते.

शिकायची, पण उरल्यासुरल्या तुकड्यांवर. तिला एक टेबल करायचं होतं, पहिल्या कापापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत आपल्या हाताने. त्याजोगं लाकूड दुकानातच होतं. मागच्या पडवीत सागाच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. विषय निघाला की वहाबचाचा फळीवर बोटाने टकटक करत. "कच्चं हाय अजून, मॅडम. घाई केली तं तडकते."

पहिली काही वर्षं तिला ते पटलं. अलीकडे मात्र मनात येऊ लागलं होतं, की चाचांना बाईमाणसाच्या हाती ते लाकूड द्यायचंच नाही. विचारायचा धीर होत नव्हता. नाही म्हणाले तर रविवारचं शिकणंही जायचं.

दुपारी जेवणं झाल्यावर चाचांना त्यांचे जुने दोस्त गुलाबराव भेटले, मेहकरचे सुतार. चाचांनी पिशवीतून पडवीतल्या सागाचा एक तुकडा काढला. "पाय, कसा रंग धरला."

गुलाबरावांनी तुकडा उलटासुलटा केला. शेजारीच एक तरुण लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र मांडून बसला होता. गुलाबरावांनी तुकडा थेट त्याच्यापुढे ठेवला.

"मोज रे भाऊ. आमचा वहाब याले कच्चं म्हनते."

तरुणाने यंत्राच्या दोन सुया लाकडात टोचल्या. "नऊ टक्के. हे तर कधीचंच सुकलंय."

"काऊन बे?" गुलाबराव मोठ्याने हसले. "माहा नातू पाळण्यात होता तईपासून कच्चं हाय हे! आता तो शाळेत जाऊन राह्यला."

चाचा हसले नाहीत. तुकडा घेऊन ते बाजूच्या खुर्चीवर बसले. मंजुश्री त्यांच्याजवळ गेली.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मग मी बाई आहे, म्हणून..."

"नाई हो मॅडम!" चाचा दचकलेच. "तसं काई नाई. तुमचा हात तं माह्या जुनेदपरीस साफ हाय."

जुनेद त्यांचा मुलगा, पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात होता.

"मग?"

"त्याच्यासाठीच घेतलं होतं ते लाकूड. वाटलं, पोरगं वापस येईन, दुकानात बसन. त्याचं पयलं काम याच्यातून करू."

"येऊन राह्यला का तो?" गुलाबराव मागून म्हणाले. "त्यानं तिकडं फ्लॅट घेतला, वहाब. पेढे तूच वाटले ना?"

"म्या वाटले," चाचा म्हणाले आणि आता त्यांनाही हसू आलं. "चांगले होते ना पेढे?"

"गोड जरा जास्त होते."

व्यासपीठावर पुढच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालली होती, मंजुश्री तिकडे बघत राहिली. चाचांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला, मग तो तिच्या हातात दिला.

"जुनेद नाई येत आता," ते म्हणाले. "त्या फळ्या तुमच्या टेबलाले. येत्या रविवारी सकाळीच येजा, पयली करवत तुम्हीच लावजा."